भिजलेल्या पुस्तकांचे पहिले दोन दिवस

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तसे ते लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही शिरले. १८६४ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाने २००५च्या जुलैमधला पूरही सोसला होता. दोन्ही वेळा पुस्तके पाण्यात गेली.

पूर ओसरला की आधी माणसे, अन्न आणि औषधे. ते योग्यच आहे. पण भिजलेला कागद फार थांबत नाही. दमट हवेत साधारण दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते. गुळगुळीत कागदाची पाने वाळता वाळता एकमेकांना चिकटतात, ती पुन्हा सुटत नाहीत. आपण घाईने पुस्तके उन्हात टाकतो. त्याने पाने वाकडी होतात, शाई उडते. आणि कोकणात जुलैमध्ये ऊन तरी कुठले?

मग करायचे काय? थोडी पुस्तके असतील तर पानांमध्ये टीपकागद घालून, तो बदलत, वाऱ्यावर सावलीत वाळवावीत. हस्तलिखिते धुऊ नयेत, शाई विरघळू शकते. पुस्तके हजारोंनी असतील, तर ती गोठवावीत. उणे १८ अंशांच्या आसपास बुरशीची वाढ थांबते. गोठवल्याने पुस्तक दुरुस्त होत नाही, पण वेळ मिळतो. पुढे ती थोडी थोडी बाहेर काढून वाळवता येतात.

१९६६च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पूर आला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ चिखलात गेले. देशोदेशीच्या तरुणांनी हातोहात ते बाहेर काढले, आणि वाळवायला चक्क तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्या वापरल्या. जवळ जे होते, ते कामी आणले.

आपल्याजवळ काय आहे? रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मासळीची शीतगृहे आहेत. त्यांतला एखादा स्वच्छ, वेगळा कप्पा अशा वेळी मिळेल का, हे ग्रंथालयांनी पावसाळ्याआधीच विचारून ठेवावे. प्लास्टिकच्या पिशव्या, टीपकागद आणि आधी कोणती कपाटे रिकामी करायची याची यादीही तयार हवी.

छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. एखाद्या गावची हस्तलिखित पोथी मात्र एकच असते. चिखलाबरोबर तीही कचऱ्याच्या गाडीत गेली, तर ती कायमची गेली.