जुन्या लहान डिझेल इंजिनांची देखभाल व दोषनिदान : खाडीकाठच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नवी मुंबई म्हटले की नियोजित शहराचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. तथापि १९७० मध्ये सिडकोची स्थापना होण्याच्या कितीतरी आधीपासून ठाणे व पनवेल खाड्यांच्या काठी दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी ही आगरी-कोळी गावे नांदत होती. तेथील मासेमारी आजही संपलेली नाही. लहान होडीतील एक वा दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन भर खाडीत बंद पडले, तर त्या भरतीचा रोजगार बुडतो. ओहोटीच्या ओढीत होडी भरकटण्याचा धोका निराळाच. दुसऱ्या बाजूला, अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत याच जातीचे इंजिन चाचणीसाठी बसविलेले असते आणि वर्षातून चार-सहा दिवस चालवून एरवी ते झाकून ठेवले जाते. प्रस्तुत लेखात या इंजिनांच्या दोषनिदानामागील तत्त्वे, अभियांत्रिकीबाहेरील प्राध्यापक वाचकांनाही समजतील अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

लहान डिझेल इंजिनांच्या निर्मितीत महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातच डिझेल इंजिन तयार झाले. पुढे १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, उसाचे गुऱ्हाळ अशा ठिकाणी या इंजिनांनी वीज पोहोचण्यापूर्वीचा मोठा काळ निभावला. किर्लोस्करचे 'एव्ही-१' हे इंजिन या वर्गाचे उत्तम उदाहरण होय : एक सिलिंडर, व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे व ५ अश्वशक्ती. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीचे ६ अश्वशक्तीचे इंजिन याहून संथ, मिनिटाला अवघे ६५० फेरे घेणारे. त्याच्या प्रतिकृती राजकोटला दीर्घकाळ तयार होत राहिल्या. त्याचे ठोके सेकंदाला पाचाच्या थोडे वर पडतात. कान सरावला की एखादा ठोका चुकल्याचे लगेच कळते.

मूळ तत्त्व : उष्णता, दाब आणि एक सूक्ष्म थेंब

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. 'एव्ही-१' मध्ये हवेचे आकारमान सुमारे साडेसोळा पटींनी कमी होते. आदर्श गणिताने हवेचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. प्रत्यक्षात थंड भिंतींकडे उष्णता जाते व फटींतून थोडी हवा निसटते, त्यामुळे ते याहून कमी राहते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की हे तापमान आणखी घसरते. जुने इंजिन पहाटेच्या गारव्यात चालू होत नाही आणि एकदा तापले की दिवसभर निमूटपणे चालते, त्याचे कारण हेच.

इंधनाच्या मात्रेचा हिशेबही उद्बोधक आहे. पूर्ण भारावर असे इंजिन तासाला साधारण ९०० ग्रॅम डिझेल जाळते, आणि तासाला ४५,००० वेळा इंधन फवारले जाते. म्हणजे प्रत्येक फवाऱ्यात जेमतेम २५ घन मिलिमीटर डिझेल, पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याइतके! ही मात्रा सुमारे २०० वातावरणांच्या दाबाने नोझलमधून जावी लागते. त्यासाठी पंपातील प्लंजर व बॅरल यांतील फट काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या अल्पांशाइतकी, ठेवलेली असते. गाळणीकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

इंजिन चालू होत नाही तेव्हा

अनुभवी मिस्त्री प्रथम काहीही खोलत नाही. तो हँडल फिरवून ऐकतो. नोझल फवारत असेल तर दर दोन फेऱ्यांत एकदा 'कर्र' असा बारीक आवाज येतो. तो येत नसेल तर इंधनमार्गात हवा शिरल्याची शक्यता सर्वाधिक असते. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. प्लंजरचा सारा रेटा हवेचा बुडबुडा आकुंचित करण्यात खर्च होतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. उपाय क्रमाने करावयाचा असतो : टाकीकडून आरंभ करून गाळणीचा स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबून अखंड धार आली की घट्ट करावा, मग पंपाचा, आणि शेवटी नोझलकडील नळीचा नट. हा क्रम उलटा केल्यास मागची हवा पुन्हा पुढे येते. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना हात त्यासमोर कदापि धरू नये. त्या दाबाचे डिझेल त्वचेखाली शिरते व ती जखम दिसते त्याहून फार गंभीर असते.

'कर्र' आवाज येतो, तरीही इंजिन पेट घेत नाही, तेव्हा संशय दाबावर जातो. डिकॉम्प्रेशन लिव्हर खाली ठेवून हँडल सावकाश फिरवल्यास निरोगी इंजिन स्प्रिंगसारखे परत उसळते. ते न उसळल्यास फुसफुस कोठून येते ते पाहावे. धुराड्यातून आल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या गाळणीतून आल्यास इनलेट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आल्यास रिंगा किंवा लायनर. थंड करणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसल्यास हेड गॅस्केट. एकही महाग उपकरण न वापरता दोष चार जागांपैकी एका जागी निश्चित करणारी ही पद्धत प्रयोगशाळेत शिकवली जात नाही, याचे प्रस्तुत लेखकास नेहमी आश्चर्य वाटते. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, कारण उलट झटक्याने मनगट मोडू शकते.

चालू इंजिनाचे निदान धुरावरून होते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक : तुंबलेली हवेची गाळणी, गळके नोझल वा अतिभार. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. पांढरा धूर मात्र फसवा असतो. थंड इंजिनात तो न जळलेल्या डिझेलचा असू शकतो व इंजिन तापल्यावर जातो. तापल्यावरही टिकला आणि पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट पाहावे. क्वचित झिजलेले इंजिन स्वतःचेच वंगणतेल ओढून बेफाम धावू लागते. अशा वेळी इंधन बंद करून उपयोग होत नाही. हवेचे तोंड लाकडी फळीने बंद करावे, हाताने नव्हे.

खारे पाणी व गाळ

शेतातील इंजिन व होडीतील इंजिन यांत खरा भेद थंडाव्याचा आहे. खाडीचे पाणी थेट खेळविल्यास ते सुमारे ५५ अंशांवर जाऊ देऊ नये, अन्यथा क्षार बाहेर पडून पाण्याच्या वाटा बुजतात आणि मग तापमान आणखी वाढते. आमच्या खाड्यांत गाळ व प्लॅस्टिकच्या पिशव्या यांची त्यात भर पडते. जस्ताचा तुकडा बसविलेला असल्यास तो झिजणे हा दोष नसून त्याचे कार्यच होय : तो आधी गंजतो म्हणून ओतीव लोखंड वाचते. त्यावर रंग देणे ही सद्भावनेने केलेली हानी ठरते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा पुरात बुडालेले इंजिन 'चालते का बघू' म्हणून फिरवणे सर्वांत घातक होय. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढून, हाताने हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढावे. तेल व डिझेल पूर्ण बदलावे. खारे पाणी असल्यास गोड्या पाण्याने धुऊन लगेच तेलाचा हात फिरवावा. येथे दिवस नव्हे, तास महत्त्वाचे असतात.

आजचे इंधन

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ प्रतीचे डिझेल मिळते. त्यातील गंधक दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत मर्यादित आहे. गंधक गेल्याने जुने पंप झिजतील, अशी भीती अनेकांना वाटते. वस्तुतः वंगणगुण गंधकाचा नसतो. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इतर काही घटक जातात व त्यांची उणीव पूरक द्रव्यांनी भरून काढली जाते. माझ्या मते त्याहून मोठा धोका टाकीत साचणाऱ्या पाण्याचा आहे. आपल्याकडील दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्री पाणी जमते, तळाशी जीवाणूंचा चिकट थर वाढतो आणि तो गाळणी बंद करतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात होडी किनाऱ्यावर ओढली जाते, तेव्हा टाकी काठोकाठ भरावी, वापरलेले आम्लयुक्त तेल काढून नवे भरावे, धुराड्याचे तोंड बांधावे व आठवड्यातून एकदा, लिव्हर उचलून, फ्लायव्हील हाताने काही फेरे फिरवावे. दर वेळी ते निराळ्या जागी थांबवावे, म्हणजे रिंगा लायनरला एकाच ठिकाणी धरून बसत नाहीत. प्रयोगशाळेतील इंजिनालाही सुट्टीत हेच लागू आहे.