जास्वंदीची फांदी

सकाळीं स्नान आटोपून परडी हातीं घ्यावी, परसांत जावें आणि दंवानें भिजलेलीं तांबडीं फुलें देवासाठीं खुडावीं, हा क्रम आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. गणपतीला तांबडें फूल प्रिय, एवढें ज्ञान मुलाला अक्षरओळखीच्याहि आधीं होतें. परंतु नित्य परिचयाच्या वस्तूविषयींच मनुष्य सर्वांत अधिक अनभिज्ञ असतो. जास्वंदीच्या बाबतींत आमचें स्वतःचें अज्ञान कसें उघडकीस आलें, तें पुढें सांगूंच. प्रथम या फुलाची थोडी ओळख करून घेऊं.

संस्कृतांत हिला जपा किंवा जवा म्हणतात; ‘ओड्रपुष्प’ हेंहि एक नांव आहे. जवाचेंच बंगालींत ‘जबा’ झालें. गुजराती तिला जासूद म्हणतात, तर कानडी दासवाळ. तामिळ लोकांचें ‘सेंबरुत्ति’, म्हणजे तांबडा कापूस, हें नांव मात्र सर्वांत मार्मिक होय. कारण कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद हीं सारीं एकाच कुळांतलीं. खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें भेंडीचें व जास्वंदीचें फूल शेजारीं ठेवून पाहावें. पाकळ्या दोहोंसहि पांच. आणि पुंकेसर सुटे न राहतां एकमेकांस जोडले जाऊन त्यांची नळी झालेली दोहोंतहि दिसते. जास्वंदीच्या नळींतून टोकाशीं ज्या पांच इवल्या गुंड्या डोकावतात, तीं स्त्रीकेसराचीं टोकें.

लिनीअस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं हिला जें शास्त्रीय नांव दिलें, त्याचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा आहे. तथापि रानांत आपोआप वाढलेली अशी ही कोठेंच आढळत नाहीं. माणसाच्याच हातानें ती अंगणोअंगणीं पसरली. समुद्रापलीकडील मलेशियानें तर १९६० सालीं तिला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला.

आपल्या वाङ्मयांत हिचें स्थान मोठें आहे. मेघदूतांतील यक्ष मेघाला महाकालाच्या मंदिरापाशीं सायंकाळपर्यंत थांबावयास सांगतो, तेव्हां कालिदासानें संध्येच्या तेजाला ताज्या जपापुष्पाच्या लालीची उपमा दिली आहे. नवग्रहस्तोत्रांत सूर्यालाहि तीच उपमा मिळाली. बंगालमध्यें कालीमातेच्या गळ्यांत हिचेच हार पडतात. पण आम्हांस सर्वांत आवडतो तो दर्शनकारांचा दृष्टान्त. शुभ्र स्फटिकाजवळ जपाकुसुम ठेवलें म्हणजे स्फटिक तांबडा भासतो; फूल दूर केलें कीं तो पूर्वींसारखाच निर्मळ. आत्म्याला सुखदुःखें चिकटल्यासारखीं वाटतात, तींहि अशींच. हा दृष्टान्त वर्गांत आम्हीं कितीवेळां सांगितला असेल! परंतु प्रसंग आला तेव्हां तो आमच्या कामीं आला नाहीं.

वाईस आमच्या वडिलोपार्जित घरामागें विहिरीजवळ आमच्या मातुःश्रींनीं लावलेली जास्वंद होती. २००८ सालीं भावाभावांची वांटणी होऊन घर विकावयाचें ठरलें. कडूपणा आला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. आम्ही पुण्यास राहात होतों. भांडीं, ग्रंथ यांविषयीं आम्हीं आग्रह धरला नाहीं, पण त्या जास्वंदीचें बी मिळावें असें फार वाटे. दोन पावसाळे आम्हीं बोंडांची वाट पाहिली. शेवटीं थोरल्या वहिनी हंसून म्हणाल्या, “भाऊजी, हिला बी कसलें धरतें आहे! एवढें संस्कृत शिकलांत, पण फांदी मोडून न्यावी हें कोणीं सांगितलें नाहीं वाटतें?”

आम्ही खजील झालों. मग ऐन वैशाखांत चार फांद्या आणून खालीं भोंक नसलेल्या कुंडींत खोंचल्या आणि प्रेमानें दोन्ही वेळां पाणी घातलें. पंधरा दिवसांत सर्व कुजल्या. पुन्हां वाईस गेलों तों घर पाडलें गेलें होतें आणि विहिरीशीं केवळ मातीचा ढिगारा होता. त्या दिवशीं स्फटिकाचा दृष्टान्त आठवूनहि डोळे कोरडे राहिले नाहींत.

वहिनींनीं आमचें तोंड पाहून विचारलें आणि म्हणाल्या, “सासूबाईंच्या जास्वंदीची फांदी मीं पलीकडच्या आळींतल्या काकूंना कधींच दिली होती. चला, मागून आणूं.” तेथें ती पुरुषभर वाढून फुलांनीं लवली होती.

या खेपेस वहिनींनींच रीत सांगितली; ती वाचकांसहि उपयोगीं पडावी. पाऊस स्थिरावला म्हणजे पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी पेराखालीं कापावी. खालचीं पानें काढून दोन पेरें मातींत जातील अशी ती लावावी. कुंडीला भोंक हवेंच. मुळें फुटण्यास महिना-सवा महिना लागतो; तोंवर सांवली व ओलावा असावा, चिखल नसावा. पुढें मात्र भरपूर ऊन द्यावें. फुलें नव्या फुटीवर येतात, म्हणून हलकी छाटणी करण्यास भिऊं नये. कापसासारखी पांढरी कीड दिसल्यास पाण्याची जोरदार धार मारावी व कडुनिंबाचें तेल साबणाच्या पाण्यांत मिसळून शिंपडावें. फूल बहुधा एकच दिवस टिकतें; पण खुडल्यावर पाण्यावांचूनहि सायंकाळपर्यंत उमललेलें राहतें. पूजेस तें सोईचें पडतें, याचें हेंहि एक कारण असावें.

इतर उपयोगहि पुष्कळ. पानें वाटून निघणाऱ्या बुळबुळीत रसानें बायका केस धूत. फुलें खोबरेल तेलांत कढवीत. केस मऊ होतात हा अनुभव आहे. टकलावर केस उगवतात हें मात्र निश्चित सिद्ध झालेलें नाहीं. फुलांचा काढा गर्भवती स्त्रियांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. पाकळ्या चोळून जोडे काळे करीत, म्हणून इंग्रजींत हिला ‘जोड्याचें फूल’ असेंहि नांव पडलें. आमच्या शाळेंत लिटमस कागद संपला कीं शास्त्रशिक्षक या पाकळ्या कागदावर चोळीत. त्यावर लिंबाचा रस पडतांच लाल रंग येई, आणि चुन्याच्या निवळीनें हिरवट. मुलांना तो चमत्कारच वाटे.

असो. आज ती जास्वंद आमच्या गच्चींत आहे. बीजापासून झालें असतें तर तें मातुःश्रींच्या झाडाचें अपत्य ठरलें असतें. फांदीपासून वाढलेलें झाड हें तेंच झाड. घर गेलें, विहीर गेली, आम्हीं जपूं पाहिलेलें सारें गेलें. वहिनींनीं देऊन टाकलेलें तेवढें राहिलें. आमच्या वाचकांच्या दारीं जुनी जास्वंद असेल, तर येत्या आषाढांत तिची एक फांदी शेजारीं द्यावी, एवढीच आमची विनंति आहे.