चित्रफितीचा पाठ आणि सल्ल्यांची पारख

मराठी मध्यमवर्गाच्या घरात व्हिडिओ कॅसेट आली ती रंगीत टीव्हीच्या मागोमाग. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले आणि पुढे लग्नाच्या खर्चाच्या यादीत फोटोग्राफरच्या खालोखाल ‘शूटिंगवाला’ येऊन बसला. मुंज, साखरपुडा, साठीशांत, घरचा गणपती, पावसाळ्यातली लोणावळ्याची सहल असे सारे काही अर्धा इंच रुंदीच्या फितीवर उतरले. आता ही फीत वाचणारी यंत्रेच संपत आली आहेत. व्हीएचएस पद्धतीचे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवले. ज्या चुंबकीय फितींचे २०२५ पर्यंत डिजिटल रूपांतर होणार नाही त्यांतल्या बहुतेक कायमच्या गमावल्या जातील, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने आधीच देऊन ठेवला होता. ते वर्ष उजाडले, आणि आपली कपाटे अजून भरलेली आहेत.

मावळात राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि नातलगांच्या कॅसेट संगणकावर उतरवून देण्याचे काम मी हौसेने करतो. या कामात कॅसेटपेक्षा सल्लेच जास्त हाती येतात. भाचा एक सांगतो, स्टुडिओवाला दुसरे सांगतो, निवृत्त अभियंता तिसरेच. सगळे मनापासून सांगतात आणि सगळे सारख्याच खात्रीने सांगतात. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण इथे फारशी कामाची नाही; कारण या विषयात मनालाही काही ठाऊक नसते. म्हणून रूपांतराची कृती देण्यापेक्षा, ती कृती सांगणाऱ्याचे बोलणे कसे पारखावे याचाच इथे विचार करतो आहे.

सल्ल्याची वंशावळ

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. त्या कामाचा पाया एका साध्या प्रश्नावर उभा होता : हातातली पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली? नक्कल करणाऱ्याचे अक्षर सुंदर आहे म्हणून पाठ शुद्ध ठरत नाही, आणि दहा पोथ्यांत एकच पाठ आहे म्हणून तो दहा साक्षीदारांचा होत नाही. दहाही पोथ्या एकाच पोथीच्या नकला असतील तर साक्षीदार एकच.

हौशी सल्ल्यांचेही असेच असते. ‘६४० बाय ४८० वर घ्या, सेकंदाला ३० फ्रेम ठेवा’ हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. तिथली एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची. त्यांतल्या साधारण ४८० पडद्यावर दिसतात आणि सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेम येतात. आपल्याकडची पाल पद्धत ६२५ रेषांची. दिसणाऱ्या रेषा ५७६ आणि फ्रेम सेकंदाला २५. अमेरिकेचा सल्ला इथे जसाच्या तसा वापरला की ५७६ रेषा ४८० मध्ये कोंबल्या जातात आणि २५ फ्रेमच्या ३० करताना काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो. सल्ला देणारा खोटे बोललेला नसतो. पोथी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आली, पण तिच्यावरची ‘हे कुठले’ ही नोंद वाटेत गळून पडली.

उलटही घडते. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मुलाने नातवाच्या बारशाची कॅसेट आजीला पाठवलेली असते. ती एनटीएससी असते, आणि तिच्यासाठी तोच परका सल्ला बरोबर ठरतो. तेव्हा सल्ला चूक की बरोबर हे ठरवण्याआधी तो कोणत्या फितीसाठी आणि कोणत्या यंत्रासाठी सांगितला गेला, हे विचारावे. ज्या सल्ल्याला अटच नाही तो आधी बाजूला ठेवावा.

भुशीच्या पायऱ्यांची कसोटी

लोणावळ्याजवळचे भुशी धरण जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधले. इंजिने गेली, धरण राहिले. पावसाळ्यात ते भरून वाहू लागले की पायऱ्यांवरून पाणी उतरते आणि त्या पाण्यात माणसे बसतात. मुंबई-पुण्याच्या किती कुटुंबांकडे हे दृश्य फितीवर असेल याची गणती नाही. रूपांतराचा सल्ला तपासायला यापेक्षा कठीण प्रश्नपत्रिका मला सापडलेली नाही.

त्याचे कारण कॉम्प्रेशनच्या पद्धतीत आहे. व्हीसीडी, डीव्हीडी आणि आजच्या मोबाइलवरच्या फाइली, सगळ्यांचे तत्त्व ढोबळमानाने एकच : चित्राचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक फ्रेम नव्याने लिहिण्याऐवजी ‘हा चौकोन मघाचाच आहे, थोडा डावीकडे सरकला आहे’ एवढीच नोंद करायची. लग्नाच्या स्टेजवर खुर्चीत बसलेले वधूवर आणि मागचा पडदा यांना हे छान लागू पडते. कोसळत्या पाण्यात मात्र मघाचा कोणताच चौकोन पुन्हा येत नाही. सगळेच नवे. जागा तर ठरलेली असते, मग यंत्र तपशील टाकून देते आणि पाण्याच्या जागी राखाडी ठोकळे थरथरू लागतात.

त्यात आणखी एक नुकसान असते. पाल व्हीसीआरचे डोके, म्हणजे हेड बसवलेला गोल ड्रम, मिनिटाला १५०० फेरे घेते आणि प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात एक अर्धे चित्र वाचते. एकदा विषम रेषांचे, एकदा सम रेषांचे. म्हणजे सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण फितीवर असतात. व्हीसीडीचे पाल चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे. पूर्ण ७२० बाय ५७६ च्या मानाने ते साधारण चौथा हिस्सा भरते, आणि क्षण निम्मे होतात. उडालेला थेंब, पोराने मारलेली उडी, घसरताना आईने धरलेला हात हे सगळे अशा निम्म्या क्षणांत विरून जाते.

आता दोन सल्लागार घ्या. एक म्हणतो, ‘व्हीसीडी आणि मूळ कॅसेट यांत काही फरक दिसत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘व्हीसीडीने सगळे बिघडते.’ दोघेही प्रामाणिक असू शकतात. पहिल्याने स्टेज पाहिलेले असते, दुसऱ्याने पाणी. म्हणून दुसरा प्रश्न : तुम्ही हे कशावर करून पाहिले? घरच्या कॅसेटमधला सगळ्यांत अवघड मिनिट निवडावा. धबधबा, फुलबाज्या, वरातीतला नाच, अंधारातली आरती. सांगितलेल्या पद्धतीने तेवढाच उतरवावा आणि मूळ कॅसेटच्या शेजारी लावून पाहावा. संपूर्ण कॅसेटचा निर्णय त्या एका मिनिटावर सोडावा.

‘मी वीस वर्षे हेच करतोय, एक तक्रार नाही’ या वाक्याचे वजनही इथेच कळते. ग्राहकाकडचा व्हीसीआर कधीच बंद पडलेला असतो. मूळ चित्र पाहायची सोय नसताना त्याने तुलना कशाशी करायची आणि तक्रार कशाची करायची? अनुभवातून ज्ञान यायचे तर चूक परत येऊन भेटावी लागते. या धंद्यात ती फारशी भेटत नाही.

हिशेब मांडून पाहणे

चांगल्या सल्ल्याचे आणखी एक लक्षण म्हणजे त्यातला काही भाग तरी आकड्यांत मोजता येतो. एका तासाच्या पाल रेकॉर्डिंगमध्ये २५ गुणिले ३,६००, म्हणजे ९०,००० फ्रेम असायला हव्यात. स्वस्त कॅप्चर उपकरणाने उतरवलेल्या फाइलमधून ५० फ्रेम गळाल्या, तर शेवटी ओठ आणि आवाज यांत दोन सेकंदांची फारकत पडू शकते. त्यामुळे फाइल नेहमी शेवटून तपासावी. सुरुवातीला सगळेच जुळलेले असते.

फ्रेम गळतात तेव्हा ‘संगणक वेगवान घ्या’ असे हमखास सांगतात. कधी ते खरेही असते. पण बरेचदा दोष फितीकडून येतो. ताणलेल्या फितीवरच्या रेषा ठरल्या वेळेला पोहोचत नाहीत. जुना काचेचा टीव्ही ते चालवून घेई, डिजिटल उपकरण घेत नाही. त्या रेषांना वेळेच्या शिस्तीत बसवणारे टाइम बेस करेक्टर नावाचे साधन असते. जो सल्लागार आधी कारण विचारतो आणि मग खरेदी सुचवतो, त्याचे ऐकावे.

‘एचडीमध्ये काढून देतो’ या आमिषाचाही हिशेब सोपा आहे. व्हीएचएसवर आडवा तपशील साधारण २४० रेषांइतकाच मावतो. १०८० ची फाइल केल्याने तो वाढत नाही. ताकात पाणी घालून ताक वाढते, लोणी नाही. चौकोनी चित्र रुंद टीव्हीभर ताणून देणारेही असेच; आजोबा जाड होतात, एवढाच फरक.

जागेचा हिशेबही मांडता येतो. अजिबात कॉम्प्रेशन न करता तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. एफएफव्ही१ सारख्या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने ते साधारण निम्म्यावर येतात. डीव्ही पद्धतीत तासाला १३ जीबी, व्हीसीडीत एका जीबीहूनही कमी. व्हीसीडीच्या काळात ७५ जीबी हा आकडा घरगुती माणसाला अशक्य होता. आज तो हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात बसतो. काही सल्ले पूर्वी शहाणपणाचे होते, पण त्यांची मुदत संपली आहे.

उलटवता येणारे आणि न येणारे

सगळ्यांत महत्त्वाची कसोटी मी शेवटी ठेवली आहे. सल्ला चुकला तर मागे फिरता येते का? फाइलचे माप चुकले तर पुन्हा उतरवता येते. फितीला हात लावणाऱ्या सल्ल्याचे तसे नसते.

लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरातला. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकून राहिली की फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट ‘एकदा चालवून बघा, निघून जाईल’ असे सांगतात. चालवली तर बुरशी हेडवर जाते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर, आणि फीत चिकटलेली असेल तर तुटतेही. ‘कडक उन्हात ठेवा’ हा पापडांना लागू पडणारा उपाय आहे. उष्णतेने फीत वाकडी होते. अशी कॅसेट वेगळी काढून सावलीत, कोरड्या हवेत सुकू द्यावी आणि जाणकाराकडून साफ करून घ्यावी. ‘ओव्हनमध्ये तापवा’ याचीही वंशावळ आहे. काही जुन्या व्यावसायिक ध्वनिफितींचा चिकट थर ठीक करण्यासाठी ते नियंत्रित, मंद तापमानात केले जाई. घरचा ओव्हन आणि लग्नाची व्हीएचएस यांचा त्याच्याशी संबंध नाही. हेड कापसाच्या काडीने पुसणेही तसेच. धागा अडकतो, काडी वरखाली झाली की नाजूक टोक मोडते, आणि आता सुटे भागही सहज मिळत नाहीत.

‘उतरवून झाले ना, मग टाकून द्या कॅसेट’ हा सल्ला यांतला सर्वांत निरुपद्रवी वाटणारा आणि सर्वांत घातक. व्हीसीडी झाली म्हणून ज्यांनी कॅसेट टाकल्या, त्यांच्याकडे आज चौथा हिस्सा चित्र उरले आहे, तेही चकती वाचली तर. ज्यांनी ठेवल्या त्यांना अजून एक संधी आहे. नक्कल झाली तरी मूळ पोथी कोणी जाळत नाही.

चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. घरगुती फितींसाठी तसे काही नाही. ज्या आजीचा आवाज दुसऱ्या कुठेही नोंदलेला नाही, तिचे संग्रहालय म्हणजे तुमचे कपाट आणि संग्रहपाल म्हणजे तुम्ही. तेव्हा येणारा सल्ला कोणत्या फितीसाठी आहे, कशावर करून पाहिला, मोजता येतो का आणि चुकला तर मागे फिरता येते का, हे चार प्रश्न विचारावेत. दिवाळीनंतर हवा कोरडी होते. कपाट उघडायला ते दिवस चांगले. कॅसेटवरची नावे वाचता येणारी माणसे घरात आहेत तोवर ते उघडावे.