डीसीसीवरची मालगाडी खरी कशी वाटेल?

ओझरजवळच्या खेरवाडी स्टेशनात मालगाडी सुटताना कधी नीट बघा. आधी कपलिंगचा खडखडाट डब्याडब्यातून मागे जातो, मग कुठे गाडी रांगायला लागते. आपलं एचओ मॉडेल मात्र नॉब फिरवताच उंदरासारखं पळतं!

डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल) इलाज इंजिनातल्या डिकोडर चिपमध्येच आहे; तिच्या सेटिंग्जना सीव्ही म्हणतात. सीव्ही 3 म्हणजे वेग घेणं, सीव्ही 4 म्हणजे वेग उतरणं. एनएमआरएच्या (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन) सूत्रानुसार सीव्हीचा आकडा गुणिले 0.896 म्हणजे शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद. मालगाडीला सीव्ही 3 मध्ये 40 भरले, तर साधारण 36 सेकंद. लोकलला 10 पुरेत. (काही कंपन्यांचं एकक वेगळं असतं, मॅन्युअल बघाच.)

पण त्याआधी सीव्ही 5 ने कमाल वेग आवरा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग सगळी गणितं फसतात.

खरी गंमत ब्रेकची. कमाल वेग ताशी 60 किमी धरला, तर एचओच्या 1:87 मापात तो सेकंदाला सुमारे 19 सेमी. सीव्ही 4 मध्येही 40 ठेवले, तर गाडी थांबायला जवळजवळ साडेतीन मीटर घेते. घरातल्या आठ फुटी टेबलावर ती सरळ फरशीवर! म्हणून सीव्ही 4 मध्ये 15 च्या आसपास ठेवा, सव्वा मीटरभर लागेल. खऱ्या मालगाडीच्या मानाने हे फारच कमी, पण टेबल वाढत नाही.

शंटिंगला ही जडता नकोशी होते. बऱ्याच डिकोडरमध्ये ती एका फंक्शन बटणाने बंद करता येते. आणि इमर्जन्सी स्टॉप सीव्ही 4 ला जुमानत नाही, तेव्हा अंगठा इमर्जन्सीच्या बटणाजवळच असू द्या.