क्रमांक सांगा, फाइल घ्या

दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखा वापरता यावा, म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, तयार केली. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात ती आजही जागोजागी आहे. तिच्याबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की सर्व्हर ओळख तपासूनच फाइल हातात देतो.

नेहमीच्या 'ऑथ-सिस' पद्धतीत तसे होत नाही. क्लायंट फक्त सांगतो, ही विनंती १००१ क्रमांकाच्या वापरकर्त्याची आहे, आणि सर्व्हर ते खरे धरतो. पासवर्डचा प्रश्नच येत नाही. त्या वापरकर्त्याच्या फाइलची परवानगी ६०० ठेवली, म्हणजे मालकाशिवाय कुणी ती वाचू नये, तरी शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, वापरू दिलेल्या एखाद्या मशिनवर ज्याच्याकडे रूटचे, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचे, अधिकार आहेत, तो तिथे १००१ क्रमांकाचे खाते उघडून ती निवांत वाचतो. नाव काहीही चालते, क्रमांक तेवढा जुळायला हवा.

"पण आमच्याकडे रूट-स्क्वॉश चालू आहे!" हे उत्तर हमखास येते. ही सोय शून्य क्रमांकाच्या रूटला 'नोबडी' करते, एवढेच. रूटने दुसऱ्या कुणाचा क्रमांक घेतला, की तिचा उपयोग संपतो. तरीही ती बंद करणे धोक्याचेच: मग क्लायंटवरचा रूट शेअरमध्ये सेटयूआयडी, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणारा, प्रोग्रॅम ठेवू शकतो आणि तो रोखणारा 'नोसुइड' पर्याय न लावता तो शेअर माउंट केलेल्या मशिनवर साधा वापरकर्ताही रूट होतो.

फक्त चालवण्याची परवानगी असलेली फाइल वाचता येत नाही, हा समजही इथे टिकत नाही. प्रोग्रॅम चालवायचा तर क्लायंटला तो वाचावाच लागतो, म्हणून सर्व्हर वाचू देतो.

सर्वांत घातक चूक मात्र एका स्पेसची. कोणता फोल्डर कुणाला द्यायचा हे लिहिलेल्या लिनक्सच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये मशिनचे नाव आणि कंस यांच्यात स्पेस पडली, तर कंसातले अधिकार त्या मशिनला नव्हे, साऱ्या जगाला मिळतात.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने हे सारे मिटले, असे मानणारेही बरेच. त्या आवृत्तीत कर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या यंत्रणेची सोय असणे बंधनकारक आहे, ती वापरणे नाही. एनएफएससाठी २०२२ मध्ये प्रमाणित झालेले टीएलएस हे एन्क्रिप्शन वाटेतला मजकूर झाकते, मशिनची ओळखही पटवू शकते. वापरकर्ता मात्र ऑथ-सिसमध्ये क्रमांकच राहतो. माणसाची खरी ओळख कर्बेरॉसच तपासतो, आणि 'पी' प्रकारात मजकूरही गुप्त ठेवतो. आपल्या सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये 'सेक' पुढे काय लिहिले आहे ते आजच पाहा. तिथे 'सिस' असेल किंवा काहीच नसेल, तर तुमच्या फाइली अजून क्रमांकाच्या भरवशावर आहेत.