हुकूम आणि कचेरीचे वळण

कार्यालयातील नेतृत्व केवळ हुद्द्यावर उभे राहत नाही. नोकरवर्ग जे संस्कार घेऊन कचेरीत येतो, त्यांवरही ते अवलंबून असते. बडोदे संस्थानचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) स्वतः मराठीभाषक. तथापि कारभार प्रजेच्या गुजराती भाषेत चालावा, असे त्यांचे धोरण होते. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

परंतु कचेरीचे वळण हुकमासरशी बदलत नाही. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली कराराप्रमाणे बडोद्यास सेवेत रुजू झाले. नेमणूक प्रत्यक्ष महाराजांच्या दरबारची. पण शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरूनच टाकीत. कचेरीत त्यांना पिण्यास पाणी मिळेना. हुद्द्याने वरिष्ठ असलेला अधिकारी रूढीने शिपायाहूनही कनिष्ठ ठरत होता, आणि अशा कचेरीत अधिकार चालविणार तरी कसा? शहरात राहावयासही जागा नव्हती. पारशी धर्मशाळेतील आश्रयही अकराव्या दिवशी सुटला. त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. बागेतील ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते.