कचऱ्यापासून वीज: प्रकल्पाजवळ राहणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

"घराजवळ कचरा जाळून वीज बनवतात. मुलाला दमा आहे. घर बदलावं का?" असा प्रश्न तुमच्याही मनात असेल, तर आधी धोका नेमका कुठून येतो ते समजून घ्या.

हा प्रकल्प काय करतो?

पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला 1 ऑगस्ट 2023 रोजी अशा प्रकल्पाचं उद्घाटन झालं. त्याची क्षमता 14 मेगावॅट आहे. भट्टीत कचरा जळतो, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरून वीज तयार होते. धूर गाळण्यांमधून शुद्ध करून मगच धुराड्यातून बाहेर सोडायचा असतो.

कचराभूमीपेक्षा हे बरं का?

नीट चालवलं तर हो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला आग लागली, तेव्हा परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याचा धूर कुठल्याही गाळणीतून जात नाही. तो थेट आपल्या छातीत जातो.

मग धोका कधी?

भट्टी पुरेशी तापत नाही तेव्हा. धुरातले विषारी घटक नष्ट होण्यासाठी तो किमान 850 अंश सेल्सिअसला निदान 2 सेकंद राहावा लागतो. आपल्याकडच्या कचऱ्यात जवळपास निम्मा भाग ओला असतो. ओलं लाकूड चुलीत घातल्यावर जसं धुमसतं, तसाच हा कचरा धुमसतो. त्यात प्लास्टिक असेल तर डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं तयार होतात.

शरीरावर काय परिणाम होतो?

* *लगेच होणारा:* धुरातले सूक्ष्म कण श्वासनलिकांना सूज आणतात. खोकला, दम्याचा झटका येऊ शकतो. हृदयरोग्यांनाही त्रास होतो.
* *हळूहळू होणारा:* डायॉक्सिन चरबीत साठतं. ते शरीरात येतं मुख्यतः अन्नातून, विशेषतः दूध, मांस आणि मासे यांतून. दीर्घकाळ जास्त प्रमाणात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढतो, हार्मोन्स आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो.

ब्रिटनमधल्या आधुनिक प्रकल्पांच्या मोठ्या अभ्यासात अर्भकमृत्यू किंवा जन्मवेळच्या कमी वजनाशी संबंध आढळला नाही. पण तिथली शिस्त आणि कचरा वेगळा आहे, म्हणून ते निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका.

तुम्ही काय करू शकता?

* दम्याचा रोजचा इनहेलर बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. तातडीचा इनहेलर जवळ ठेवा.
* धूर किंवा जळका वास आला की खिडक्या लावा आणि बाहेरचा व्यायाम टाळा. एन-95 मास्क कण अडवतो, पण वायू अडवत नाही. रुमालाचा फारसा उपयोग नाही.
* कोणत्या दिवशी, किती वाजता त्रास झाला ते वहीत लिहा. डॉक्टरांना दाखवा. तक्रार करतानाही ही वही उपयोगी पडते.
* धुराच्या मोजणीचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात मागा.
* ओला कचरा वेगळा द्या. त्याचं खत किंवा बायोगॅस होतो आणि भट्टीत कोरडा कचरा नीट जळतो.
* अंगणात पालापाचोळा, प्लास्टिक जाळू नका. तो धूर सगळ्यात जवळचा असतो.

ताबडतोब दवाखान्यात कधी जावं?

एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बाळाच्या बरगड्यांमध्ये श्वास घेताना खळगे पडत असतील, छातीत दुखत असेल किंवा इनहेलर घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

आणि घर बदलण्याचं? केवळ प्रकल्प आहे म्हणून घाई नको. पण औषधं नियमित घेऊनही घरी असतानाच त्रास वाढतो आणि बाहेरगावी गेल्यावर कमी होतो, असं वहीत दिसलं तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोला. मग निर्णय भीतीपोटी नाही, नोंदी पाहून घेता येईल.